सोमवारी पाप, रविवारी माफ? थोडं ऐकून घ्या

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका भल्या माणसानं लिहिलं होतं की ख्रिश्चन लोकांचं काम सोपं, सोमवार ते शनिवार काय पाहिजे ते करायचं आणि रविवारी चर्चला जाऊन माफी मागायची, झाली पाटी कोरी. वाचून आधी हसलो, मग राग आला, मग चहा थंड होईस्तोवर बसून राहिलो कारण ते अगदीच खोटं नाही. आमच्यातले कितीतरी तसे वागतात, मी स्वतः तेरा वर्षं तसाच वागलो. म्हणून त्यांना उत्तर द्यायला नाही, माझा हिशोब मांडायला लिहितोय. पत्र लांब झालं तर कात्री लावा, खरं मधलं कापू नका.

आधी एक छोटी तक्रार. तुमच्या ३ तारखेच्या पेपरात सिमेट्रीतल्या मेणबत्त्यांचा फोटो होता, छान होता, खाली छापलेलं "ख्रिश्चन बांधवांचा कँडल फेस्टिव्हल". अहो फेस्टिव्हल कसला, २ नोव्हेंबर हा आमच्याकडं मेलेल्या माणसांचा दिवस. १ तारीख सगळ्या संतांची आणि २ तारीख आपल्या घरच्या साध्या माणसांची, जी संत नव्हती. बेळगावात १ नोव्हेंबर म्हटलं की एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं महाराष्ट्रात जायला मागणाऱ्या मराठी लोकांचा काळा दिन, मधे पोलीस, त्यात आम्ही शेवंतीचे हार आणि मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन खानापूरकडं जाणारी गाडी शोधत फिरणार. ही वर्षानुवर्षाची कसरत आहे आमची, कुणी लिहीत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एकतीस वर्षं लेथवर होतो, टर्नर म्हणून लागलो आणि टर्नर म्हणूनच रिटायर झालो. गाव खानापूर तालुक्यात, घर कॅथलिक, बोलायला मराठी, आजीच्या तोंडात कोकणी जास्त. आमची मिसेस मेथडिस्ट म्हणजे प्रोटेस्टंट घरातली त्यामुळं घरात दोन पद्धती, मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारा आणि ती काळ्या कव्हरचं, चेन लावलेलं मराठी बायबल रोज सकाळी उघडून बसणारी. तुम्ही मराठी कसे मग ख्रिश्चन कसे असं विचारणारे अजून भेटतात, त्यांना मी एवढंच सांगतो की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं १६१६ साली गोव्यात राहून ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, जवळजवळ ११ हजार ओव्या, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते असू दे, विषय तो नाही.

विषय हा की त्या मिसेसच्या बायबलात एक शब्द आहे. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना सगळ्यांना ठाऊक असते, शाळेत म्हणून घेतात. त्यात माफीची ओळ येते तिथं मत्तयाच्या पुस्तकात "ऋण" शब्द आहे. म्हणजे आम्ही जसं आमच्या देणेकऱ्यांचं ऋण सोडलंय तसं तू आमचं सोड, असा अर्थ. लूकच्या पुस्तकात तीच प्रार्थना आहे तिथं पाप म्हटलंय. मी लहानपणापासून अपराध अपराध म्हणत आलो, अपराध म्हटलं की काहीतरी हवेतलं वाटतं, पोलिसातलं वाटतं, ऋण म्हटलं की सोसायटीचं कर्ज डोळ्यासमोर येतं, सावकार येतो, सही केलेला कागद येतो. आणि "सोड". आपल्या मराठीत माफ करण्याला सोडून देणं म्हणतात, ते उगीच नाही. कर्ज सोडलं म्हणजे पैसे हवेत विरले का? नाही. कुणाच्या तरी खिशातून गेले. ज्यानं सोडलं त्याच्या. हे त्या पत्र लिहिणाऱ्या भल्या माणसाला सांगायचंय, माफी फुकट नसते, घेणाऱ्याला फुकट मिळत असेल तरी देणाऱ्याला पडते.

आता माझा हिशोब.

आमची जमीन सव्वादोन एकर, भाताची. बाबा २००५ ला गेले. मी बेळगावात शिफ्ट करणार, धाकटा गावात आईजवळ. २००६ ला कळलं की उताऱ्यावर एकट्या धाकट्याचं नाव चढलंय. मी विचारलं तर म्हणाला आई मी सांभाळतोय, शेत मी कसतोय, तुझं काय आहे इथं. वर मी २००३ ला विहिरीच्या मोटारीला आणि पाइपाला ८५ हजार दिलेले, ते पण विसरला. मी वाटणीचा दावा घातला. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ ला पडला आणि आमचा तालुक्याला २००६ ला, कारखान्यात पोरं मला विचारायची, मामा तुमची तारीख आधी लागणार का महाराष्ट्राची. मी पण हसायचो. आणि घरी येऊन झोपायचो नाही.

त्या सगळ्या वर्षांत मी एक रविवार चुकवला नाही हे लक्षात घ्या. प्रत्येक रविवारी ती प्रार्थना म्हणायचो. येशूनं अजून एक स्पष्ट सांगितलंय, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाचं तुझ्याशी काही वाकडं आहे तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर मग ये. हे वाचन चर्चमधे झालं की मी छताच्या पंख्याकडं बघायचो. मनात म्हणायचो आधी त्यानं यावं, चूक त्याची आहे.

२०१९ च्या लेंटमधे, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे जे उपासाचे चाळीस दिवस असतात त्यात, मी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढं आपली पापं कबूल करायला गेलो. दरवर्षी जातो. फादर नवीन होते, वयानं माझ्या मुलाएवढे. मी सुरू केलं की भावाबद्दल मनात राग आहे, त्यानं माझी जमीन खाल्ली, पैसे खाल्ले, मी माफ करायचा प्रयत्न करतोय खरं होत नाही. मी बोलत राहिलो, दहा मिनिटं तरी. ते शांत ऐकून म्हणाले, हे भावाचं कन्फेशन झालं, तुमचं सांगा.

मला लई राग आला. बाहेर येऊन मिसेसला म्हटलं कालचं पोरगं मला शिकवतंय. ती काही बोलली नाही, भाजी निवडत होती.

खरं ते वाक्य निघेना डोक्यातून. कारण माझं पण एक होतं. २०११ मधे एका लग्नाच्या पंक्तीत चार लोकांत मी बोललो होतो की धाकटा आईला धड जेवायला पण घालत नाही. खोटं होतं ते. आई त्याच्याकडं नीट होती, उलट मीच तीन महिने तिला भेटायला गेलो नव्हतो. बोललो कारण लोक माझ्या बाजूनं मान हलवत होते, बरं वाटत होतं. गावात असली गोष्ट एकदा सुटली की तिला पाय फुटतात. २०१४ ला पुतणीचं लोंढ्याकडचं ठरत आलेलं स्थळ मोडलं, पोराच्या आईनं म्हणे स्वच्छ सांगितलं की जे लोक म्हातारीला उपाशी ठेवतात त्यांच्या घरची पोरगी नको. पुतणीचं पुढं दोन वर्षांनी गोव्यात झालं, चांगलं झालं. खरं ती दोन वर्षं वहिनीनं कशी काढली मला ठाऊक नाही. मी तेव्हा मनात म्हटलेलं, बघ, देव बघत असतो.

ह्यावर बायबलात एक गोष्ट आहे, तुम्ही ऐकली असेल. येशूचा शिष्य पेत्र विचारतो भावाला किती वेळा माफ करायचं, सात वेळा? येशू म्हणतो साताच्या सत्तर पट. (४९० चा हिशोब करून वही घालणारे आमच्यात आहेत, मी त्यातला.) मग तो गोष्ट सांगतो, एका चाकरावर राजाचं दहा हजार टॅलंट कर्ज होतं, त्यानं हातापाया पडून मागितलं आणि राजानं सगळं सोडलं. बाहेर पडल्यावर त्याला दुसरा चाकर भेटला जो त्याचे शंभर दिनार देणं होता, त्याचा ह्यानं गळा धरला. आकडे नुसते वाचले तर कळत नाहीत, मी गंमत म्हणून मांडून बघितलं. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची हजेरी. आमच्याकडं सुगीच्या हजेरीचे ४०० धरा, शंभर दिनार म्हणजे ४० हजार झाले. ४० हजार लहान रक्कम नाही साहेब, ४० हजारासाठी माणूस चिडला तर मी त्याला समजू शकतो. आणि एक टॅलंट म्हणजे सहा हजार दिनार, दहा हजार टॅलंट म्हणजे सहा कोटी दिवसांची हजेरी, आपल्या भावात २४०० कोटी. चाकराला सात जन्मात फिटणार नाही. मी माझे ८५ हजार धरून बसलो होतो, तेरा वर्षं, आणि वहिनीच्या त्या दोन वर्षांची किंमत मला मांडताच येईना. जक्कय नावाचा जकातदार येशूला म्हणाला ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो. पैशाचं चौपट करता येतं. मोडलेल्या स्थळाचं चौपट कसं करायचं?

ऑगस्ट २०१९ चा पाऊस तुमच्या लक्षात असेल, तुमच्याच पेपरात पानं भरभरून फोटो होते, बेळगाव जिल्हा सगळा पाण्याखाली, घरं पडली. धाकट्याच्या घराची मागची भिंत कोसळली, गोठ्याकडची. चुलतभावाचा फोन आला. आणि मी हे आजवर फक्त मिसेसला सांगितलंय, आता छापायला देतोय, फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो "बरं झालं" असा. आई त्याच घरात होती. आई त्या घरात आहे हे मला "बरं झालं" नंतर आठवलं. तेव्हा मी घाबरलो. पावसाला नाही, स्वतःला.

मी त्या दिवशी काही मोठं केलं नाही. पत्रे आणि सिमेंटची सहा पोती टेम्पोत घालून पाठवली, चुलतभावाच्या नावावर, माझं नाव सांगू नको म्हटलं. त्यानं अर्थातच सांगितलं.

२ नोव्हेंबरला शनिवार होता. मी एकटाच गेलो. सिमेट्रीत पावसानं गवत कमरेएवढं वाढलेलं, सगळं गाव कोयते खुरपी घेऊन आपापल्या माणसांच्या कबरी साफ करत होतं, पोरं चुन्याच्या बादल्या घेऊन पळत होती. धाकटा बाबांच्या कबरीपाशी वाकून गवत कापत होता. इतकी वर्षं आम्ही दोघं वेळ चुकवून यायचो, तो सकाळी मी दुपारी. मी जवळ जाऊन बसलो, दुसरा कोयता घेतला. थोड्या वेळानं म्हटलं, मी तुझ्याबद्दल खोटं बोललो होतो, आईचं. तो म्हणाला, ठाऊक आहे. मग परत गवत. मग म्हणाला, कोयता दे इकडं, तुला जमत नाही ते, बोट कापून घेशील.

एवढंच झालं. कुणी गळ्यात पडलं नाही, रडलं नाही. टीव्हीवर लोक देवानं आपल्याला कसं बदललं त्याची साक्ष सांगतात तसं लख्ख काही उजेड वगैरे पडला नाही. आमच्यात काही लोकांना सगळं एका रात्रीत पाहिजे असतं, मोठी मीटिंग, मोठा आवाज, पुढं या हात वर करा, नवा जन्म. होत असेल कुणाचं, मी नाही म्हणत नाही. माझा अनुभव लेथचा. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी माल, येतं तेव्हा त्याला वरून वाळूची कडक कातडी असते, पहिला कट त्या कातडीच्या खाली घ्यावा लागतो, भीत भीत वरवर घासलं तर माल निघत नाही आणि टूलची धार मात्र जाते. मी तेरा वर्षं वरवर घासत होतो, "जाऊ दे, असू दे, देव बघेल" असलं. आणि पहिला कट बसला म्हणून पुढच्या एकाच कटमधे सगळं काढायला जाल तर टूल मोडतं नाहीतर जॉब उडून छातीवर येतो. थोडं थोडंच काढायचं, मधे मधे माप बघायचं, धार गेली की परत लावायची. बायबलात पौलानं करिंथच्या लोकांना पत्रात लिहिलंय की आतला माणूस रोजच्या रोज नवा होत जातो. रोजच्या रोज, हे मला पटतं. रोज म्हणजे काल झालेलं आज परत करायला लागतं.

कारण होतंय काय, मी ते ८५ हजार सोडले. तोंडानं सांगून सोडले. तरी अजून कधी कधी रात्री डोक्यात व्याज धरून हिशोब सुरू होतो, आतापर्यंत एवढे झाले असते. मग परत सोडायचं. साताच्या सत्तर पट म्हणजे नवीन नवीन गुन्हे असतीलच असं नाही, एकच गुन्हा ४९० वेळा सोडायला लागतो असं मला वाटायला लागलंय. फादरना विचारलं, ते हसले, असेल म्हणाले.

जमिनीचं म्हणाल तर जमीन मी सोडली नाही, हे पण लिहितो नाहीतर लोक म्हणतील म्हातारा संत झाला. दावा तडजोडीनं मिटवला, अर्धी माझ्या नावावर आली, कसतो तोच, सुगीला दोन पोती तांदूळ देतो. हक्क हक्काच्या जागी. ह्या बाबतीत चर्चमधे पण गोंधळ आहे आणि मला त्याची चीड आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेल्या पोरीला आमच्यातलेच वडीलधारे सांगतात, माफ कर, परत जा, येशूनं पण सोसलं. हे चूक आहे. येशूनं लूकच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलंय, भावानं अपराध केला तर त्याला दटाव आणि त्यानं पश्चात्ताप केला तर माफ कर. दटावण्याचं काम आधी लिहिलंय. ओडिशात जानेवारी १९९९ मधे ग्रॅहम स्टेन्स हे मिशनरी आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन पोरं गाडीत झोपलेली असताना जाळली, त्यांच्या बायकोनं, ग्लॅडिस बाईंनी मारणाऱ्यांना माफ केलं म्हणून जाहीर सांगितलं आणि महारोग्यांची सेवा पुढं चालू ठेवली. खरं माफ केलं म्हणून खटला मागं घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत, कायद्याचं काम कायद्यानं केलं, जन्मठेप सुप्रीम कोर्टापर्यंत कायम राहिली. मध्य प्रदेशात १९९५ ला सिस्टर राणी मारिया यांना बसमधे भोसकून मारलं, त्यांची धाकटी बहीण, ती पण सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारणाऱ्या माणसाला राखी बांधून आली. तो तेव्हा तुरुंगातच होता ना.

खरं सांगायचं तर ही मोठी माणसं मला थोडी परवडत नाहीत. त्यांचं उदाहरण फादरांनी प्रवचनात दिलं की आम्ही मान हलवतो, डोळे पुसतो आणि पार्किंगमधे गाडी आडवी लावली म्हणून भांडतो. माणूस एवढं मोठं ऐकलं की आपलं लहान विसरतो. माझ्यासारख्याला ८५ हजार, एक उतारा आणि पंक्तीत बोललेलं एक वाक्य एवढंच पुरे आहे आयुष्यभर.

तर त्या पत्र लिहिणाऱ्या भल्या माणसाला सांगा, रविवारी पाटी कोरी होते हे ऐकायला बरं आहे, कन्फेशनमधे फादर पापातून मोकळं करतात हे आम्ही मानतो. खरं चोरलेलं परत दे, मोडलेलं जमेल तेवढं नीट कर, हे त्याच दमात सांगतात, आणि ते सोमवारी करायला लागतं, खानापूरची बस पकडून.

आई २०२२ ला गेली. आता दोन कबरी साफ करायच्या असतात, धाकटा आणि मी मिळून करतो, कोयता अजून तो माझ्याकडं देत नाही. वहिनी मात्र माझ्याशी बोलत नाही. २०१९ पासून मी दर २ नोव्हेंबरला त्या घरी जातो, पहिल्याच वर्षी उंबऱ्यात उभं राहून तिची माफी मागितली होती, ती ऐकून आत गेली. तिनं बोललंच पाहिजे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू. दरवर्षी चहा येतो, पुतण्या आणून देतो नाहीतर ती स्टुलावर ठेवून जाते. ह्या २ तारखेला पण ठेवून गेली. मी पहिला घोट घेतला तर साखर नव्हती. मला दोन वर्षं झाली शुगर आहे, गावात मी कुणाला सांगितलेलं नाही, धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला मला पण आत्ताच कळतंय.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्नर, उद्यमबाग, बेळगाव
(नाव छापू नये, गावात पुतणीच्या सासरचा पेपर पण हाच आहे)